माहेरावरून जाणारी सायकल

सत्तेचाळिसाव्या वर्षी मला साखर निघाली. घरात ती आधीपासूनच होती. वडील त्यातच गेले. आधी पायाचा अंगठा गेला, मग पाऊल, मग ते. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांचं नंतर बघू, आधी चार महिने शरीर हलवा. मी शिक्षिका आहे, दिवसभर वर्गात उभीच असते, असं मी त्यांना ठणकावून सांगितलं. त्यावर उभं राहणं आणि हलणं यातला फरक त्यांनी मला चौथीतल्या पोरीला समजवावा तसा समजावला. राग आला, पण ऐकून घेतलं.

आईला मात्र यातलं काही कळू द्यायचं नाही, असं मी ठरवलं. वडिलांच्या वेळी तिची काय दशा झाली होती ती मी पाहिली होती. नवऱ्यालाही तंबी दिली की तोंडातून शब्द निघाला तर बघा. तो हौ म्हणाला.

मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात सकाळी फिरणाऱ्यांत सहा-सात जणांच्या एका टोळक्याला ट्रायथलॉनचं वेड लागलं होतं. आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं आणि मध्ये कुठे बसायचं नाही. मला ही न बसण्याची अटच आवडली. एकदा बसले की मी उठत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. मी त्यांच्यात शिरले.

वैनगंगा इतकी जवळ, पण आमच्या घरच्या मुलींनी पाण्यात घोट्याच्या वर पाय बुडवलेला नव्हता. गावाबाहेरच्या तलावावर मासे धरणाऱ्या एका म्हाताऱ्याने मला शिकवलं, पाठीला रिकामा डबा बांधून. सलवार पाण्यात फुगायची आणि मी तळलेल्या पुरीसारखी वर यायची. ज्या दिवशी डब्याशिवाय हा काठ ते तो काठ गेले, त्या दिवशी बाहेर येऊन मी त्याच्या पाया पडले. तो इतका लाजला की जाळं तिथेच टाकून निघून गेला. इतका आनंद मला बी.एड. झाले तेव्हाही झाला नव्हता.

खरी पंचाईत सायकलची झाली. सरावाला चांगला रस्ता म्हणजे किरनापूरचा, आणि माझं माहेर त्याच रस्त्याला लागून. आमच्याकडे लेक माहेरच्या दारावरून सरळ निघून जात नाही. गेली तर भांडण झालं, नाहीतर कोणी वारलं, असंच लोक समजतात. म्हणून पहिले काही दिवस मी थांबले. आई म्हणायची, दोन मिनिटं बस. त्या दोन मिनिटांत पाणी, चहा, पोहे, शेजारच्या दोन सुनांची चौकशी आणि शेवटी कुंकू लावून ओटी. रेसिंगच्या सायकलीला कॅरिअर नसतं. ओटीचे तांदूळ मी सायकलच्या जर्सीच्या पाठीवरच्या खिशांत भरून आणायची, आणि घरी येईपर्यंत अर्धे तांदूळ रस्त्यावरच्या पाखरांचे व्हायचे. चहात तर आई अजूनही चमचा उभा राहील इतकी साखर घालते. तिला नको कसं म्हणणार? कारण सांगावं लागलं असतं.

मग एका सकाळी मी हेल्मेट घातलं, काळा चष्मा लावला, मान खाली घातली आणि माहेरावरून तशीच पुढे निघून गेले. मला वाटलं, कोण ओळखणार. मी परत वळायच्या आधीच गावभर झालं होतं. घरी पोचले तर भावाचा फोन: हिश्शावरून काही मनात आहे का ताई, सरळ बोल. आई फोनवर आलीच नाही. पुढच्या रविवारी मी स्कूटीने, साडी नेसून गेले, तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून तांदूळ निवडत एवढंच म्हणाली, "माहेराचं दार ओलांडून जाते का कोनी? मी मेल्यावर जाजो अशी."

त्यानंतर दीड महिना ती माझ्याशी बोलली नाही. मी सराव सोडला नाही, कारण साखर उतरू लागली होती आणि वडिलांचं पाऊल मला रोज दिसत होतं. पण तिच्या दारावरून जाताना दर वेळी मान आपोआप खाली जायची.

थंडी सरता सरता आमच्या टोळक्याने आपली आपणच शर्यत ठरवली. तलावाच्या दोन फेऱ्या, सायकलीने किरनापूर रोडवर माझ्या माहेराच्या थोडं पुढे जाऊन परत, आणि शेवटी पाच किलोमीटर पळणं. पोहताना मी चक्क कोणाच्या तरी पुढे होते. सायकलवर बसले तेव्हा शेतांवर धुकं होतं, धान कधीचंच निघालेलं, आणि माझ्या तोंडून आपोआप गाणं निघत होतं. माहेर आलं तसं ते थांबलं. दार बंद होतं. मी पुढे गेले.

वळून परत आले तर रस्त्याच्या मधोमध आई उभी. बस थांबवतात तसा हात वर केलेला. मागे गावातल्या पाच-सहा बायका. मी ब्रेक दाबले, एक पाय टेकवला, आणि आता गेला एक तास, असं मनात म्हटलं.

आईने हेल्मेट मागे सारून अंगठ्याने कुंकू लावलं.

"रात्री जावयाचा फोन आलता. तुले साखर झाली, अन् मले काहून नाई सांगतलं?"

मी म्हटलं, तुला त्रास होईल म्हणून. तिने सायकलचं हँडल धरलं. मग हळू आवाजात, बायकांना ऐकू जाऊ नये असं बोलली.

"तुह्या बापाले म्या घरात बसवून बसवून खाऊ घातलं. मले वाटे, माया म्हंजे हेच. तू थांबू नोको. माह्या दारात बी थांबू नोको. जाय."

मला रडू आलं आणि पॅडलवरचा पाय सुटला. सायकल जड गिअरमध्ये अडकलेली, जागची हलेना. तेव्हा आईने पदर कमरेला खोचला, बायकांना बाजूला व्हायला सांगितलं आणि दोन्ही तळवे माझ्या पाठीवर ठेवून मला ढकललं. पंचाहत्तरीची माझी आई, जी मला कधी पळताना दिसली नव्हती, डांबरी रस्त्यावर अनवाणी माझ्यामागे पळत होती, आणि सायकलने वेग घेतल्यावरही बराच वेळ मला तिच्या पावलांचा आवाज येत राहिला.