आईच्या नावाचे कांदे

माझ्या धाकट्या भावाला रडू चटकन येतं आणि झाडांना पाणी घालणं काही जमत नाही. आई गेली आणि जळगावच्या घरची तिची बाग काही महिन्यांतच वाळून कोळ झाली. तेव्हा येईल त्या पाहुण्याला तो अंगणात नेऊन उभा करायचा आणि डोळे पुसत सांगायचा, "आईबरोबर तिची झाडंही गेली हो." पाहुणे हळहळायचे, परत आत येऊन चहा प्यायचे. झाडं आईबरोबर गेली नव्हती. रोज सकाळी नळी गाडी धुवायला जात होती, म्हणून गेली होती. कढीपत्ता, गवती चहा, दारची जास्वंद, सगळ्यांच्या वाटचं पाणी ती नवी पांढरी गाडी प्यायली. मी धुळ्याला असते. तिथून फोनवर किती भांडणार?

उन्हाळा लागला तसा त्याचा फोन आला. अंगणात पेव्हर ब्लॉक बसवायचे ठरले होते. "धूळ फार होते गं ताई, आणि गाडीही नीट उभी राहील." उन्हाळ्यात खानदेशात राहून धुळीचं नवल करणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला, आणि तो नेमका माझ्याच पाठचा निघाला.

बरं, काम काढलं ते अखाजीच्या, आमच्या अक्षय्य तृतीयेच्या, तोंडावर. म्हणजे अक्कल तीही गाडीतच ठेवलेली. अखाजीला आमच्याकडे सालदारांची जुनी सालं संपतात, नवी ठरतात, लेकी माहेरी येऊन झोके घेतात आणि पुरुष लिंबाखाली पत्ते कुटत बसतात. तेव्हा मजूर कामावर टिकेल असं समजायला माणूस फार शिकलेला लागतो. मजुरांनी अंगण उकरलं, माती खालीवर केली, ती दबून बसावी म्हणून दोन दिवस धो धो पाणी मारलं आणि "सण झाला की येतो भाऊ," म्हणून साक्रीकडे आपल्या गावी निघून गेले. सणाला तेव्हा चांगला आठवडा बाकी होता.

मी पोचले ती अखाजीच्या आदल्या दिवशी. अखाजीला गेलेल्यांच्या नावानं पाण्याची घागर भरतात, आणि आईच्या नावाची ही पहिलीच, त्यामुळे जाणं भाग होतं. फाटक ढकललं तर अंगणाचा नुसता राडा. आणि त्या राड्यात, मोरीच्या कोपऱ्याला भिंतीलगत, लालभडक गोळे वर आलेले. पान एक नाही, नुसता जाड देठ आणि त्यावर चेंडूएवढं फूल. फुटबॉल लिली. मी बॅग खाली ठेवायचीही विसरले.

कारण ते कांदे माझे होते. कॉलेजात असताना भडगावच्या मैत्रिणीकडून पेपरात गुंडाळून आणले होते आणि तुळशीजवळ लावले होते. आईनं ते बघितले आणि तिचं डोकंच फिरलं. "ना देवाला, ना वेणीला. फोडणीलाही चालत नाहीत ते कसले गं कांदे?" एवढं बोलून तिनं ते उपटले आणि मोरीकडच्या कचऱ्यात भिरकावले. पुढे माझं लग्न झालं, खोलीत भावाचं कपाट आलं, माझी पुस्तकं रद्दीत गेली. कांद्यांची आठवण कोणाला राहणार? मलाही नव्हती. आता उकरलेल्या मातीतून, अंगण दाबायला मारलेल्या पाण्यावर ते वर आले होते.

मी काही बोलायच्या आत भाऊ बाहेर आला. "बघितलंस ताई? आई परत आली." त्याचे डोळे भरलेच होते. फोटो काढून झाला होता, स्टेटसला लागला होता, खाली हात जोडलेले. जामनेरच्या मावशीनं तो बघून फोनवर हुंदका दिला होता. भावजयीनं फुलांपुढे उदबत्ती लावली होती. ज्या बाईनं हे कांदे उकिरड्यावर फेकले तिलाच या दोघांनी त्यांच्यात बसवलं होतं. मला असा संताप आला की खरं काय ते सगळं तिथंच ओकून टाकावं.

तेवढ्यात त्याला कंत्राटदाराचा फोन आला आणि तो म्हणाला, "तेवढा मोरीचा कोपरा सोडा हं. तिथं ब्लॉक नको. आईची जागा आहे ती."

मी तोंड मिटलं. आईची म्हणून जागा सुटत होती. ताईची म्हटलं असतं तर दुसऱ्याच आठवड्यात तिच्यावर गाडीचं चाक उभं राहिलं असतं. माझ्या भावाला मी पुरती ओळखते.

दुसऱ्या दिवशी घागर भरून झाली, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, सांजोऱ्यांचा नैवेद्य झाला आणि गल्ली फुलं बघायला लोटली. त्यात शेजारच्या अक्का होत्या. आई आणि त्यांचं रोजचं बसणं-उठणं. त्यांनी चष्मा सावरून फुलांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि सगळ्यांसमोर अहिराणीत म्हणाल्या, "ह्या कांदा ते तुना शेतस ना वं बाई? तुनी माय ते..."

माझे कांदे आईनं फेकले होते हे बाहेर पडायच्या आत मी त्यांच्या हातात सांजोरी ठेवली आणि हात जरा जोरातच दाबला. अक्कांनी एकदा भावाकडे पाहिलं, एकदा उकरलेल्या अंगणाकडे. मग सांजोरीचा तुकडा मोडत म्हणाल्या, "माले बठ्ठं याद शे. तुनी मायना हातले गुणच व्हता." भावानं लगेच रुमाल काढला.

"ताई, तुम्ही लेक. पहिला मान तुमचा," म्हणत भावजयीनं हळदकुंकवाची कोयरी माझ्यापुढे धरली. आता यावर हसावं की रडावं? आई असती तर आधी पोट धरून हसली असती आणि मग एकेक कांदा उपटून भिंतीपलीकडे टाकला असता. मी चिखलात बसले आणि स्वतःच्या कांद्यांना हळदकुंकू वाहिलं. त्या घरात माझं म्हणून एवढंच उरलंय, तेही आईच्या नावावर. याचं मला वाईट वाटलं, फार वाटलं.

उठताना मी भावाला म्हटलं, "रोज तांब्याभर पाणी घालत जा रे इथं. आईला तहान लागत असेल."

तो डोळे पुसत पुसत गाडीजवळची नळी आणायला धावला.