साळूबाईची चौकशी

साळूबाई फुलंब्रीकडची. लागोपाठ दोन वर्षं पाऊस हुकला, विहिरीनं तळ दाखवला, तेव्हा नवरा कडुबा आणि लेक सोनिया यांच्यासह ती औरंगाबादला आली. पुंडलिकनगरात एका घराच्या मागच्या अंगाला दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या. कडुबा वाळूजच्या एका कारखान्यावर वॉचमन झाला आणि साळूबाई तिथल्याच कँटीनमध्ये पोळ्या लाटू लागली. पहाटेच्या पाळीच्या बसनं जायचं, दुपार कलताना परतायचं. बाई बोलायला कमी, पण एकदा मनात आलं की तड लावणारी.

सोनिया बारावीत होती. गणितात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. गल्लीतल्या पोरांना शिकवता शिकवता तिचं नाव झालं आणि घरी येऊन शिकवशील का, अशी विचारणा होऊ लागली. पहिली विचारणा वैदेहीताईंची. त्या बँकेत नोकरीला, नवरा हिमांशू सतत फिरतीवर. धाकटा श्रीरंग सातवीत. थोरली सई अकरावीत, हुशार. पण सख्ख्या बहिणीकडून शिकायला श्रीरंग तयार नव्हता.

वैदेहीताईंनी साळूबाईला घरी बोलावलं, चहा दिला आणि मऊ आवाजात म्हणाल्या, "राग मानू नका. आम्ही दोघंही दिवसभर बाहेर असतो. सोनियाचा पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला मिळाला तर बरं होईल. हल्ली सगळेच मागतात."

साळूबाईला राग आला नाही. ती लेकीला घेऊन पोलीस ठाण्यात गेली. हवालदारानं सोनियाचं वय विचारलं आणि तो हसला. "सतरा? लेकराचा कसला दाखला काढता, बाई? तिच्या शाळेत विचारून घ्या म्हणावं."

वैदेहीताईंनी खरंच सोनियाच्या गावच्या हेडमास्तरांना फोन लावला. त्यांनी पोरीचं तोंडभरून कौतुक केलं आणि शिकवणी ठरली.

पण ठाण्यातून परतताना साळूबाई रस्त्यातच थांबली होती. "सोने, त्यांनी आपली चौकशी केली ते बराबर हाय. तू ज्या घरात जाणार, त्या घराची कोण करनार?"

"आई, शिकलेली माणसं आहेत ती."

"म्हणून इचारायचं नाय व्हय?"

तेव्हापासून तिचा नेम झाला. सोनियाला कुठूनही बोलावणं आलं की आधी साळूबाई त्या घरात राबणाऱ्या बायांना गाठायची. धुणंभांडी करणारीला घराची जेवढी माहिती असते, तेवढी शेजाऱ्यालाही नसते. वैदेहीताईंच्या घराबद्दल कुणी वाकडा शब्द काढला नाही.

मग बन्सीशेठचं बोलावणं आलं. वस्तीच्या टोकाला शेत मोडून नवी रो-हाऊसं झाली होती, तिथं तो राहायचा. त्याचे टँकर होते. नळाला पाणी येईल तेव्हा येईल; गल्लीचे ड्रम भरायचे ते बन्सीशेठच्या टँकरनंच. त्यामुळं सगळे त्याला वाकून होते. त्याच्या मुलीला शिकवायचं म्हटल्यावर सोनिया हरखली.

बन्सीशेठकडं मनकर्णाबाई भांडी घासायची. टँकरपाशी रांगेत साळूबाईनं तिला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "चांगली माणसं हायेत की." पण हंडे भरून निघाल्यावर ती मागं मागं आली. "माझी लेक माझ्या बदली जायची तिथं. आता मी धाडत नाय."

"का गं?"

"त्ये नको इचारू. पोरीला धाडू नको, बास."

साळूबाईनं सोनियाला जाऊ दिलं नाही. सोनिया चिडली, रडली, "कुणी काहीही सांगतं आणि तू ऐकतेस," म्हणाली. शेवटी साळूबाईनं तिला जवळ बसवून मनकर्णाबाईचे शब्द जसेच्या तसे सांगितले. मग सोनियानं डोळे पुसले आणि गणिताची वही उघडली.

थोड्याच दिवसांनी सोनियाच बातमी घेऊन आली. बन्सीशेठच्या मुलीला आता सई इंग्रजी शिकवायला जात होती. साळूबाईनं हातातला घास परत ताटात ठेवला.

कडुबा म्हणाला, "आपली पोरगी वाचली ना? समद्या गल्लीचं पानी त्येच्या हातात हाय. गप ऱ्हा."

दुसऱ्या दिवशी बँकेला सुटी होती. साळूबाई बसमधून उतरली ती थेट वैदेहीताईंच्या दारात. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा कठोर होत गेला.

"तुम्ही स्वतः काही पाहिलंय?"

"नाय, ताई."

"मग कुणी सांगितलं?"

"नाव नाय सांगनार. तिच्या पोटावर पाय यील. म्या माझी लेक धाडली नाय, एवढंच माझ्यापाशी हाय."

"एवढ्यावरून एखाद्या माणसाबद्दल असं बोलायचं?"

आतल्या खोलीच्या दारात सई येऊन उभी होती. "आई, मला तिथं जायचं नाही."

"का?"

"बन्सीशेठ खोलीचं दार लावून घेतात. परवा मी तशीच पळून आले." सई आईजवळ आली. "तुला सांगणार होते. तुला खरं वाटलं नसतं."

वैदेहीताईंनी तिला घट्ट धरलं. साळूबाई हळूच उठून बाहेर आली आणि पायरीवर बसून राहिली.

वैदेहीताईंनी तक्रार दिली. साळूबाईचाही जबाब झाला. बन्सीशेठनं सगळं झटकून टाकलं आणि त्याचा टँकर गल्लीत वळेनासा झाला. बाया रिकामे हंडे घेऊन साळूबाईच्या दारात आल्या. "तुझ्या एका तोंडापायी लेकरं तहानली आमची!" ती भांडली नाही. घरात होतं तेवढं पाणी तिनं पुढं केलं. कुणी घेतलं, कुणी घेतलं नाही. पुढं दुसरा टँकर सुरू झाला, पण तोवर घरमालकानं खोल्या मोकळ्या करायला सांगितलं होतं.

सामान टेम्पोत चढवताना वैदेहीताई आल्या. भांड्यांचं पोतं उचलायला हात लावत म्हणाल्या, "सोनियासाठी मी गावापर्यंत फोन केला. सईला धाडताना एका माणसाला विचारलं नाही."

"आता हाय न्हवं ती तुमच्याजवळ," साळूबाई म्हणाली आणि तिनं पोत्याचं दुसरं टोक धरलं.

वाळूजला एकच खोली मिळाली. सोनियाची बारावीची परीक्षा तिथूनच झाली. सई पुष्कळ दिवस घराबाहेर पडत नव्हती. सोनिया अधूनमधून तिच्याजवळ जाऊन बसायची. प्रकरण ठाण्यातच अडकून होतं. बन्सीशेठ मोकळा हिंडत होता.

त्या वर्षी पाऊस झाला. पेरण्या उरकल्यावर एका सकाळी कँटीनच्या फाटकावर मनकर्णाबाई उभी दिसली. शेजारी तिची लेक, ओढणीचं टोक मुठीत आवळून.

"हिला बोलायचंय," मनकर्णाबाई म्हणाली. "लई दिस झाले, आता म्हनती सांगते. आमाला दोघींना ठाण्यात जायचं भ्या वाटतंय. तू येतीस का?"

साळूबाईनं हाताचं पीठ धुतलं आणि मुकादमाला सांगून ती बाहेर पडली. थांब्यावर पोरगी एकाएकी मटकन खाली बसली. साळूबाईही तिच्याशेजारी मातीत टेकली.

"सांगवंल तेवढं सांग," ती म्हणाली. "नाय सांगवलं तर उठून यायचं. पुन्यांदा जाऊ."

पोरीनं मान हलवली. शहराकडची बस आली, तशा तिघी उठल्या.