क्लच हळू सोडायचा असतो

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. मंगलजवळ तर नाहीच — आणि सांगायला हवं होतं ते तिलाच.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आम्ही मोटरसायकल घेतली. खोडदला आमची शेती, नारायणगावच्या बाजारात सारख्या खेपा. मंगल, माझी बायको, मागं बसायची. एक दिवस म्हणाली, "अहो, मलाबी शिकवा की." मी हसत हो म्हणालो. पण पारावर मित्र बोलले, "मग तू काय राव, पदर धरून मागं बसणार?" तेही हसतच बोलले. मला मात्र लागलं. एवढ्याशा गोष्टीवरून माणूस काय करू शकतो — तुम्हाला खरं वाटेल?

क्लच दाबून पहिला गिअर पायानं कसा टाकायचा, ते मी तिला नीट दाखवलं. पुढं क्लच हळूहळू सोडायचा असतो, गाडी ओढ घेईल तशी रेस वाढवायची असते. सगळं शिकणं एवढ्यातच तर असतं. आणि तेच मी — तेच मी उलटं सांगितलं. "रेस भरपूर दे, अन् क्लच झटकन सोड." मुद्दाम सांगितलं. वाटलं, गाडी गचका खाऊन बंद पडेल, ही घाबरेल, नाद सोडेल.

गाडी बंद पडली नाही. उसळली. मंगल बांधाच्या दगडांवर आपटली, मनगट मोडलं. शेजारपाजारचे धावत आले. आणि त्या सगळ्यांसमोर मी ओरडलो, "हळू सोड म्हणलं व्हतं ना तुला?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. डोळे दुखण्यानं भरलेले. म्हणाली, "माझंच चुकलं. मी नीट ऐकलं न्हाई."

तिथंच सांगता आलं असतं. नाही का?

प्लास्टर निघालं, पण मी तो विषय पुन्हा काढला नाही. तीही बोलली नाही. मागं बसायची, एवढंच. फक्त चढाला इंजिन गुरगुरायला लागलं, की मी गिअर उतरवायच्या आधीच तिचा हात माझ्या खांद्यावर जरासा दाबला जायचा. मी त्याचा कधी विचार केला नाही.

पुढं काही वर्षांनी, उन्हाळ्यात, पहार निसटून माझ्या डाव्या पायावर पडली. पंजा चेचला. वस्तीवर दुसरं कुणी नव्हतं. मंगलनं पाय टॉवेलात बांधला, साडी खोचली, मला मागं बसवलं आणि किक मारली. मी डोळे मिटले — गचक्याची वाट बघत.

गचका आलाच नाही.

गाडी नुसती सरकली. दुसरा, तिसरा — गिअर पडला हे आवाजावरून कळत होतं, अंगाला काहीच नाही. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठाल्या तबकड्या बाजूनं मागं गेल्या. चढाला उसाची ट्रॉली आडवी आली. तिनं अलगद गिअर उतरवला, इंजिनानं दम धरला, आम्ही पुढं निघालो. मी पाय विसरलो. तिच्या डाव्या हाताची बोटंच बघत राहिलो. झोपलेल्या लेकराखालून हात काढावा तसा ती क्लच सोडत होती. इतकी वर्षं गाडी चालवली मी — अशी एकदाही चालवली नाही.

"कुठं शिकलीस गं?"

"तुमी दुपारचं झोपायचा ना, तवा. मळ्याच्या वाटंला." मग वाऱ्यात जरा मोठ्यानं म्हणाली, "लई भ्या वाटायचं. पण तुमी म्हणला व्हता ते ध्यानात ठिवलं — हळू सोड."



दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, गाडी कुणी आणली. "मीच. ह्यांनी शिकवलीय मला," मंगल म्हणाली. डॉक्टर माझ्याकडं कौतुकानं बघायला लागले. आणि मी मान हलवली. होय — हलवली.

त्यानंतर वस्तीवरच्या कितीतरी पोरी तिच्याकडं गाडी शिकल्या. प्रत्येकीला ती माझं नाव सांगते. मी तिथंच ओट्यावर बसलेला असतो, आणि ऐकून घेतो.