कुरवंड्याच्या जीपमधलं रिसेप्शन

कुरवंड्याहून लोणावळ्याला मी रोज वडापच्या जीपने कामावर जाते. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात त्या जीपमध्ये चाळिशीचा एक शेतकरी असायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. कडबा कापायच्या कुट्टी मशीनमध्ये त्याचा उजवा हात मनगटापासून गेला होता. दिव्यांगांसाठीच्या सरकारी प्रशिक्षणात तो हॉटेलचं रिसेप्शन शिकत होता आणि त्याचा सराव आमच्यावर करायचा. कुणी जीपमध्ये चढलं, की डावा तळवा छातीशी धरून, किंचित वाकून म्हणायचा, "वेलकम. रूम न्हाई, पण खिडकी देतो."

एकदा एका मावशींनी विचारलं, "ह्यो कसला अर्धा नमस्कार?"

"अर्धा मी केला मावशी, उरलेला तुमी करा."

मावशींनी हसत हात जोडले.

मग एका सकाळी तो कोट घालून आला. नोकरी लागली होती, पण चेहरा उतरलेला.

"साहेब म्हणले, सुरुवातीचे काही महिने तुझ्या पगारातला वाटा सरकार देणार, म्हणून घेतलं. पुढचं पुढं बघू."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणलं, बघू की. तोवर तुमाला माझी सवय लागंल."

पुढे माझी कामाची वेळ बदलली. त्याचं काय झालं असेल, हे अधूनमधून मनात यायचं. परवा तो पुन्हा भेटला. मी भीत भीतच विचारलं, "सरकारचा वाटा अजून मिळतो ना?"

"त्यो कवाच संपला, मॅडम. आता येगळीच पंचाईत झालीया. भातकापणी तोंडावर आली, अन् साहेब मला दोन दिवस सुट्टी द्यायला तयार न्हाईत."

तक्रार सांगताना त्याला हसू आवरत नव्हतं.