तुयेतबाईंची कावड

तुयेतबाईंची जीभ म्हणजे कोयता. बेन त्रे गावच्या शाळेतली तिसरीची पोरं त्यांना टरकून असत, पण बाई रजेवर गेल्या की त्याच पोरांना करमत नसे. पुस्तकातल्या रिकाम्या चौकोनाने मात्र वर्गाचं डोकं पार फिरवलं होतं. चौकोन अधिक दोन बरोबर पाच, तर चौकोनात किती? कोणी म्हणे सात, कोणी दहा.

"थांबा, उद्या आईची कावडच आणते," बाई वैतागून म्हणाल्या. लहानपणी त्याच कावडीने त्यांनी बाजारात पपनसं वाहिली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात कावड खांद्यावर घेतली. एका टोपलीत एकसारखी पाच पपनसं, दुसरीत दोन आणि त्यांच्याशेजारी एक बांधलेलं गाठोडं. दांडी अगदी आडवी.

"सांगा, गाठोड्यात किती पपनसं?"

तेवढ्यात वात्रट लोआनने गाठोड्याशेजारची दोन पपनसं पळवली. कावड कलली, बाई झोकांडल्या.

"अगं भवाने, पाडतेस की काय मला! आता तिकडचीही दोन काढ!"

लोआनने काढली. दांडी पुन्हा आडवी झाली. एकीकडे नुसतं गाठोडं, दुसरीकडे तीन पपनसं.

"तीन!" अख्खा वर्ग ओरडला.

"बाई, उघडून बघू या ना," लोआन म्हणाली.

"उघडून तर आमची म्हैसही सांगेल! तुम्ही न उघडता सांगितलंत ना? मग सोला ती काढलेली चार."

मीठ-मिरची लावून चारही पपनसं फस्त झाली. गाठोडं मात्र बांधलेलंच घरी गेलं.