पाडव्याला न्हालेली म्हैस

दिवाळीचा बंदोबस्त म्हटला की अजूनही मला पहिल्यांदा आठवते ती चिखलात बसलेली म्हैस, आणि तिच्यासमोर मटकन बसलेली तिची शिल्पकार.

महापालिकेने शहरातल्या एका बागेसाठी म्हशीचे पूर्णाकृती शिल्प करायचे ठरवले होते. कोल्हापूरच्या बागेत म्हैसच का, हे कट्ट्यावर म्हशीचे धारोष्ण दूध पिणाऱ्या कोल्हापूरकराला सांगावे लागत नाही. काम एका तरुण शिल्पकार बाईंना मिळाले. त्यांचे हे पहिलेच मोठे काम. उचगावच्या शेडमध्ये मातीचे मॉडेल तयार होते. भाऊबीज झाली की समिती पाहायला येणार, पसंत पडले तर ब्राँझचे ओतकाम, नाहीतर काम दुसऱ्याला. आणि पाडव्याला दुपारी बाईंचा ठाण्यात फोन आला, कोणीतरी म्हैस मोडली.

मी पंचनाम्याला गेलो. डोके आणि पाठ घसरून खाली आली होती, आतला लोखंडी सांगाडा दिसत होता. दाराचे कुलूप शाबूत. बाई एवढेच म्हणत होत्या, "समितीला आता काय दाखवू?"

संध्याकाळी निनावी फोन आला. काम हुकलेल्या एका शिल्पकाराने चारचौघांत 'बघून घेतो' म्हटले होते. त्याला शाहूपुरीतून बोलावून घेतले. गडी तापट.

"व्हय, म्हटलं हुतं. रागात माणूस लई बोलतंय. पर फोटो तरी दावा की सायब."

मोबाईलवरचे फोटो त्याने मोठे करून पाहिले. "ह्यो घाव न्हाय. वरनं पाणी वतलंय कुणीतरी, बक्कळ. बाईस्नी सांगा, सांगाडा शाबूत हाय, रडू नका."

खोटे बोलणारा चौकशीत स्वतःची बाजू मांडत बसतो. हा त्या मातीची बाजू मांडत होता. मी त्याला चहा पाजून घरी पाठवले.

सकाळी हवालदाराला घेऊन पुन्हा शेडवर गेलो आणि चिखल उपसायला लावला. खाली झेंडूची माळ निघाली, आणि मातीला उटण्याचा वास. हवालदार माझ्याकडे बघतच राहिला. "सायब, आंघूळ घातलीया हिला!"

पाडव्याला आमच्याकडे म्हशींना न्हाऊमाखू घालतात, शिंगे रंगवतात, सजवून मिरवतात. मोडायला आलेला माणूस काही माळ घेऊन येत नाही. मी बाईंना विचारले, हे मॉडेल कुणाच्या म्हशीवरून केले? एका म्हाताऱ्या गवळ्याच्या, त्या म्हणाल्या. ती म्हैस दसऱ्याच्या सुमारास गेली. तेव्हापासून म्हातारा रोज शेडमध्ये येऊन बसायचा. किल्ली कुठे ठेवतात, हे त्याला ठाऊक होते.

ठाण्यात येताच म्हाताऱ्याने दोन्ही हात पुढे केले. "घाला बेड्या. म्याच क्येलंय."

"का केलंत, मामा?"

"पाडव्याला माझी म्हस बिनआंघुळीची कशी ऱ्हाईल? बाई रोज पाणी मारत्यात की तिच्यावर, म्या बघितलंय. म्हटलं, सणाचं जरा जास्त घालू." त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "माझ्याम्होरंच खाली बसली, सायब. दुसऱ्यांदा ग्येली."

माती वाळून तडकू नये म्हणून बाई पाणी शिंपडायच्या. म्हाताऱ्याने घागरी ओतल्या होत्या.

तक्रार मागे घेणार नाही, असे ठणकावत आलेल्या बाई कोपऱ्यात उभ्या राहून सगळे ऐकत होत्या. डोळे पुसून त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "मामा, आंघोळ झाल्यावर तिला काय काय घालायचात?"

म्हातारा सांगत सुटला. गळ्यात कवड्यांचा पट्टा, शिंगांना मोरपिसे, पायांत घुंगरे. "आन् मग मान अशी वर करून चालायची, जणू गाव तिचंच हाय."

समितीसमोर बाईंनी उघडा सांगाडा दाखवला आणि तीच मान वर केलेली, सजलेली म्हैस कागदावर काढून दिली. काय घडले ते मी पोलिसी भाषेत सांगितले. अध्यक्ष हसू आवरत म्हणाले, "पाडव्याला म्हस धुतली, ह्यात गुन्हा कसला?" मुदत वाढवून मिळाली. माती लावायला आपणहून आला तो काम हुकलेला शिल्पकार.

त्यानंतर नासधुशीच्या प्रत्येक तक्रारीत वैर कुणाचे, हे मी विचारायचोच. पण त्या वस्तूवर जीव कुणाचा होता, हेही विचारू लागलो. निवृत्त झाल्यापासून संध्याकाळी मी त्या बागेत जातो. म्हातारा शिल्पासमोरच्या बाकावर बसलेला असतो. कुणी फोटो काढायला आले की तो उठून उभा राहतो आणि सांगतो, "काढा पावणं, निवांत काढा. माझीच हाय."