बाहुल्यांचे डोळे

"पदर पसर," शेठाणी म्हणाली.

मी हात पुढे केले होते. तिने ते पाहिले आणि वरूनच पुडकं माझ्या पदरात टाकलं. आधीच्या पाचजणींना तिने कुंकू लावून हातात बक्षीस दिलं होतं. माझ्या वेळी कुंकवाची वाटी खाली गेली. माझं आडनाव तिला ठाऊक होतं.

खंडेनवमी होती. गोरेगावच्या त्या बाहुल्यांच्या कारखान्यात मशिनांना झेंडूच्या माळा होत्या. मशिनांनासुद्धा तिने स्वतःच्या बोटाने कुंकू लावलं होतं.

बाबांची गिरणी संपात बंद पडली, तेव्हा मी तिथे लागले. बाहुल्यांचे डोळे रंगवायचे. कुणी शिकवलं नव्हतं. एक लाजरी, एक रागीट, एक थेट माझ्या आईसारखी. मनाला येईल तशी. जेवायची सुट्टी झालेली कळायची नाही. मग शेठने पत्र्याचा साचा आणला. सगळे डोळे सारखे, आणि जी जास्त काढील तिला पहिलं बक्षीस. मीही मूर्खासारखी धावले. पहिली आले, म्हणून बक्षिसाला सगळ्यात शेवटी उभी होते.

पुडकं उघडलं. शेठाणीची जुनी साडी, निऱ्यांपाशी विरलेली. अंगाची आग झाली. मी साडी घडी घालून पुजलेल्या मशिनावर ठेवली.

"बाई, तुमची साडी तुम्हीच नेसा."

शेठ ओरडला, "माज आला काय गं? तुझ्या वस्तीत कोण देणार होतं तुला बक्षीस?"

तरी त्याने मला काढलं नाही. माझा हात त्याला हवा होता.

दुसऱ्या दिवसापासून साच्याबाहेर एक रेघ मारली नाही. साचा वाकला होता. आधी मी प्रत्येक डोळा हाताने सावरून घ्यायचे. आता का घेऊ? दिवाळीचा माल तिरळा गेला आणि तिरळाच परत आला.

शेठ माझ्या पाटाशी आला. "ताई, तुझ्या मनासारखे काढ ना. बक्षीस दुप्पट देतो."

ताई! मी त्याच्या तोंडावर हसले.

"साच्यानेच काढणार, शेठ. तुमचाच हुकूम आहे."

सूड होता तो. गोड लागला. अजून लागतो.

संध्याकाळी माझा ब्रश घेऊन मी निघाले, ती परत गेले नाही. आता वाकोल्यात घरीच चिंध्यांच्या बाहुल्या करते. डोळे माझ्या मर्जीचे. पुन्हा कुणी वरून काही टाकायला आलंच, तर येऊ दे. माझा पदर खोचलेला असेल.